नायिकेचा नवरा कुठे आहे?

प्रश्न : मी पहिलीच ऐतिहासिक कादंबरी लिहिते आहे. नायिका सुखिया. १८९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई तिला मध्य प्रांतातून नगरजवळच्या केडगावला आणतात, तेव्हा ती आठ वर्षांची बालविधवा असते. केशवपन झालेलं, गळ्यात आईनं बांधलेला ताईत. १९०५ साली ती पुण्याच्या एका तरुण डॉक्टरच्या प्रेमात पडते. दोघं पळून जाऊन देवळात लग्न करतात आणि शेवटच्या प्रकरणात वडील तिला ताईतावरून ओळखतात. ज्यांनी वाचलं ते सगळे म्हणतात, शेवट सपक झालाय. कुटुंबही मिळालं, प्रेमही मिळालं, तरी सपक का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी तिचे केस तिला परत द्या. केशवपन ही ब्राह्मणांची आणि त्यांचं पाहून चालणाऱ्या थोड्या जातींची रीत. दुष्काळात रस्त्यावर आलेली मुलं बहुतेक शेतकऱ्यांची, मजुरांची, विणकरांची, गोंडांची. सुखिया हे नावही त्याच घरांतलं. नरसिंगपूर-जबलपूरकडच्या लोधी किंवा कुर्मी घरात विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागायचा, आपल्याकडच्या कुणब्यांत लागायचा तसाच. म्हणजे ज्या वैधव्यावर तुम्ही पाच प्रकरणं रडवलंत, ते तिच्या जातीत एवढी मोठी अडचणच नव्हती. (मिशनात उवांपायी डोकं भादरलं असेल तर गोष्ट वेगळी. ते दाखवा खुशाल.)

केडगावही दुरुस्त करा. माझं माहेर दौंडचं, त्यामुळे हे वाचून मी तिथंच थांबले. नगरजवळ एक केडगाव आहे, पण रमाबाईंचं मुक्ती सदन, निराधार बायका-मुलींची त्यांची वस्ती, पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला. दौंड-मनमाड फाटा १८७८ पासून होता, तेव्हा जबलपूर, इटारसी, भुसावळ, मनमाड करत सुखियाची गाडी नगरवरून जाईल हे खरं, पण तिला तिथं उतरवू नका. आणि या मुली थेट केडगावलाही आल्या नाहीत. रमाबाईंनी त्यांना आधी पुण्याला आणलं. पुण्यात प्लेग. इतक्या मुली शहरात ठेवायला सरकारनं मनाई केली, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर हलवलं. शारदा सदनाची, म्हणजे रमाबाईंच्या पुण्यातल्या विधवांसाठीच्या शाळेची, ती जमीन होती, मोठी इमारत नव्हती. तुमच्या हस्तलिखितात पहिल्याच रात्री दगडी वसतिगृह आणि घंटा आहे. तिथं उघडं माळरान आणि घाईघाईनं उभारलेला निवारा हवा.

आता मूळ प्रश्न. शेवट सपक झाला, कारण सुखियाचे दोन्ही शोध एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. प्रेम एका बाजूला, वडील दुसऱ्या बाजूला, दोन्ही आपापल्या वेळी हजर. तिचं बालवैधव्य काढून टाका आणि तिला लग्न झालेली ठेवा. सहाव्या वर्षी लग्न लागलंय, गौना म्हणजे सासरची पाठवणी व्हायचीय, सासर तीन-चार कोसांवर. नवऱ्याचा चेहरा तिला आठवत नाही. सेहऱ्याआडून दिसलेला एक मुलगा, हळदीनं पिवळे झालेले त्याचे हात, एवढंच. मग दुष्काळ आला, घर फुटलं. तो जगला की मेला, कुणालाच ठाऊक नाही.

आणि मग १९०५ साली तिला लग्न करायचंय.

देवळातलं लग्न विसरा. मिशनात आठ वर्षं सगळ्या जातींबरोबर जेवलेली, बहुधा बाप्तिस्मा झालेली मुलगी. तिचं लग्न लावायला कोणता भटजी उभा राहणार होता? दोघं ख्रिस्ती असतील तर १८७२चा ख्रिस्ती विवाह कायदा. दोघांनी ‘आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती यांपैकी कोणताच धर्म मानत नाही’ असं लिहून द्यायची तयारी दाखवली, तर त्याच साली झालेला दुसरा, नोंदणी लग्नाचा कायदा. खुद्द रमाबाईंनी १८८० साली बिपिनबिहारी मेधावींशी असंच नोंदणी लग्न केलं होतं. दोन्ही कायद्यांत एक अट सारखी आहे : वधूचा नवरा किंवा वराची बायको हयात नसावी.

म्हणजे प्रेमाकडे जायचं तर आधी माहेर-सासरचा माग काढायला हवा. यात कादंबरी आहे.

पण याहून सुंदर गोष्ट इंडियन पीनल कोडात, म्हणजे २०२४पर्यंत चाललेल्या फौजदारी कायद्यात, आहे. चकित होऊ नका, जुने कायदे वाचायची मला खोड आहे. १८६०च्या या कायद्याचं ४९४ कलम म्हणजे नवरा किंवा बायको हयात असताना दुसरं लग्न करण्याचा गुन्हा. त्याला एक अपवाद आहे. जोडीदार सलग सात वर्षं बेपत्ता असेल आणि तो जिवंत असल्याचं त्या काळात कानावर आलं नसेल, तर दुसरं लग्न हा गुन्हा नाही. १८९७मध्ये सात मिळवा. १९०४ साली सुखिया या कलमापुरती मोकळी होते. मात्र त्या अपवादालाच एक शेपूट आहे : जिच्याशी किंवा ज्याच्याशी लग्न करायचं, त्या माणसाला लग्नाआधी खरी हकिकत सांगितलेली असली पाहिजे.

तुमचं सगळ्यात चांगलं दृश्य कायद्यानं लिहून ठेवलंय. ‘माझं लग्न झालंय, तो जिवंत आहे का मला माहीत नाही,’ हे तिनं आवडत्या माणसाला स्वतःच्या तोंडानं सांगायचं. ते नदीकाठी, चांदण्यात नको. दिवसाउजेडी, कामाच्या मध्ये, कुणीतरी हाक मारत असताना.

तो माणूस डॉक्टर नको. हजार-दीड हजार बायका-मुलींच्या त्या वस्तीत पुण्याचा तरुण डॉक्टर येऊन-जाऊन किती वेळा येणार, आणि आला तरी तिच्याशी एकांतात बोलणार केव्हा? मला विचाराल तर केडगाव स्टेशनचा तारमास्तर घ्या. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकलेला, म्हणून ख्रिस्ती. आधी इटारसीला नोकरी केलेला, म्हणून हिंदी येणारा. मुक्तीचं धान्य, सूत, कागद स्टेशनवर उतरायचं तर कुणीतरी सह्या करायला येणार. थोरली झालेली, हिशेब येणारी मुलगी सोबतीणीला घेऊन येऊ शकते.

तिनं सांगितलं की तो काय करील? तो पत्रं लिहील. पोस्टकार्डाला पाव आणा, ते त्याला परवडतं. आणि इथं खरी गाठ बसते. सात वर्षांचं संरक्षण तोवरच, जोवर नवरा जिवंत असल्याची खबर येत नाही. गावाला पाठवलेल्या ज्या कार्डाला उत्तर येऊन बाप सापडू शकतो, त्याच उत्तरात ‘जावईबापू खुशाल आहेत’ अशी एक ओळ असू शकते. बाप हवा असेल तर प्रेम पणाला लावायचं. प्रेम हवं असेल तर कार्ड टाकायचंच नाही. हातात कार्ड घेऊन दोघं पेटीपाशी उभी आहेत, हे तुम्ही पानभर लिहा. माझी तक्रार नाही.

कार्डावर पत्ता काय घालणार, हाही प्रश्नच. आठ वर्षांच्या मुलीला गावाचं नाव ‘पिपरिया’ एवढंच माहीत. नर्मदेच्या त्या पट्ट्यात पिपरिया कितीतरी. जवळ नदी होती, आठवडी बाजार मंगळवारी भरायचा, बाजाराच्या वाटेवर भुतं असलेली चिंच. असल्या खुणांवरून तारमास्तर एकेक पिपरिया बाद करत जातो. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदललेलं असेल, तर कार्डावर कोणतं नाव लिहायचं तेही ठरवावं लागेल. ताईत मात्र काढाच, तो सिनेमातून आलाय. त्याऐवजी हातावरचं गोंदण ठेवा. गोंदणावरून मुलीची जात, मुलूख यांचा अंदाज बांधता यायचा. बाप कोण, ते कळत नसे. खूण अर्धवट असली की शोध लांबतो, आणि तो लांबायलाच हवा.

तिला एक भाऊही द्या. त्याच दुष्काळात लाला लजपतराय आणि आर्य समाजाची मंडळी मध्य प्रांतातली अनाथ हिंदू मुलं मिशनऱ्यांच्या हाती लागू नयेत म्हणून पंजाबात नेत होती. फिरोजपूरला आर्य समाजाचं अनाथालय होतं. एकाच घरातली बहीण केडगावला येशूची गाणी म्हणते आहे आणि भाऊ फिरोजपूरला हवनाला बसतोय, असं सहज घडू शकतं. भाऊ सापडला तर पहिल्या पत्रात आनंद आणि दुसऱ्या पत्रात ‘शुद्धी करून घे’, म्हणजे पुन्हा हिंदू हो. तो दुष्ट नाही. त्याला ज्यांनी जगवलं त्यांची भाषा तो बोलतोय. तीही तिच्या बायबलातली वचनं त्याला लिहून पाठवतेच की.

राहिले वडील. त्यांना जिवंत ठेवा, पण भेट घडवून ‘पोरी!’ म्हणत मिठी मारायला लावू नका. ज्याला जातीत परत यायचं, त्यानं पंचांपुढे दंड भरायचा आणि जातीला जेवण घालायचं, अशी त्या मुलखात रीत होती. इथं दुष्काळात बैल गेले, बायको गेली, १९०० सालचा दुष्काळ वरून पुन्हा सोसलाय. मुलगी दारात उभी आहे, आणि तिला उंबऱ्याआत घ्यायचं तर सगळ्या जातीला जेवू घालायचं. बाप पंचांकडे जाऊन येतो आणि आकडा सांगतो. तो आकडा त्याला झेपणारा नाही. ती पैसे देऊ करते, पण मिशनचे पैसे पंच घेतील का? बापानं तिला बाहेर ओट्यावर, पळसाच्या पानावर वाढलेली भाजी-भाकरी मला त्या ताईताच्या प्रकरणापेक्षा कितीतरी जास्त हवी आहे. भाकरी तिला लहानपणी आवडायची तशी, थोडी करपवलेली.

नवऱ्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. तो मेला असेल तर कादंबरी सोपी होते. जिवंत असेल, त्यानं दुसरी केली असेल, दोन पोरं असतील, तर अधिक खरी वाटेल. तसं झालं तर १८६६चा एक कायदा वाचा. धर्मांतर केलेल्या माणसाला हिंदू जोडीदार नांदवायला तयार नसेल, तर त्यावरून लग्न रद्द करून घेता येत असे. त्यात कोर्टाच्या फेऱ्या आहेत, थांबणं आहे. सुखिया आणि तारमास्तर थांबतील का, हे मला खरंच वाचायचंय. लिहून झालं की ती प्रकरणं पाठवा.

प्रश्न : माझ्या कथेतली १८८५ सालची मुलगी भर कोर्टात ‘मी सासरी जाणार नाही’ म्हणते. संपादकांनी ‘ही आजची मुलगी वाटते’ म्हणून कथा परत केली. तेव्हाच्या मुली इतक्या धीट नव्हत्याच का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : होत्या की. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. ती नांदायला येईना म्हणून नवरा दादाजी भिकाजी यानं १८८४ साली मुंबई हायकोर्टात दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि १८८७ साली हुकूम झाला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग. १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजीनं दावा सोडला. ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली.

तुमच्या मुलीच्या तोंडचं वाक्य ठीक आहे. मला खटकलं ते हे की तिच्या मागे कुणीच नाही. रखमाबाईंच्या मागे आईचं घर होतं, सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांची शिकवण होती. ते दाव्याच्या धामधुमीतच वारले, तरी त्यांनी उभं केलेलं घर होतं. तुमची मुलगी कोर्टातून निघाली की रात्री कुठे झोपते? वकिलाची फी कुणी भरली? ते घर, तो मामा किंवा ती कुरकुर करत का होईना पैसे देणारी आजी कथेत आणा. मग तीच मुलगी, तेच वाक्य, १८८५ सालचं वाटेल. संपादकांना पुन्हा पाठवताना हे कारण लिहू नका. नुसती कथा पाठवा.

प्रश्न : कादंबरीत पंडिता रमाबाईंना पात्र म्हणून आणलं तर चालेल का? आणलं तर किती बोलू द्यावं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चालेल. कमी बोलू द्या. त्यांच्या तोंडी भाषण घातलंत की बाकी पात्रं श्रोते होऊन बसतात. त्यांचे आईवडील आणि बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळात गेले, म्हणून मध्य प्रांतातली बातमी ऐकून त्या निघाल्या. हे त्यांनी एका मुलीला अर्ध्या वाक्यात सांगितलं तरी पुरे. आणि एक लक्षात ठेवा : त्यांना ऐकू कमी येई. त्यापायीच इंग्लंडमध्ये डॉक्टरकी शिकायचा विचार सोडावा लागला होता. तेव्हा घाबरलेल्या, पुटपुटणाऱ्या पोरीचं नाव त्यांना पहिल्या खेपेला ऐकू येणार नाही. त्या वाकून पुन्हा विचारतील, कदाचित हिंदीत. मुलगी मोठ्यानं सांगेल, रडक्या आवाजात. त्यांचं पहिलं दृश्य एवढ्यावर उभं करा आणि त्यांना पुढच्या मुलीकडे जाऊ द्या. रांग मोठी आहे.