बासरी, पावा, पावरी आणि ‘ड्रोन’ : पाटीवर काय लिहायचं?

प्रश्न थोडक्यात असा. हातानं घडवलेल्या फुंकवाद्यांचं एक छोटं प्रदर्शन आहे आणि त्याच्या मराठी पाट्या लिहायच्या आहेत. मेजावर बांबूच्या बासऱ्या, एक तारपा, एक पुंगी आणि सनईची जोडी आहे. बासरी, मुरली, वेणू, पावा, अलगूज हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का? आणि तारप्यात किंवा पुंगीत जी नळी एकच स्वर सतत देत राहते, जिला इंग्रजीत ‘ड्रोन’ म्हणतात, तिला मराठीत काय म्हणावं? मसुद्यात सध्या ‘अखंडस्वरनलिका’ लिहिलंय.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. ‘अखंडस्वरनलिका’ खोडा आणि ‘सूर’ लिहा. कारणं पुढे येतीलच. पहिल्या भागाला मात्र वेळ लागेल.

बासरीपासून सुरुवात करू. संस्कृत ‘वंश’ म्हणजे बांबू. कूळ हा अर्थही त्याच शब्दाचा; पेरामागून पेर वाढत जातं, तशी पिढीमागून पिढी. हा शब्द मराठीत आपल्या वाटेनं आला तेव्हा त्याचा ‘वासा’ झाला. घर फिरलं की फिरतात ते वासे हेच. हिंदीकडे मात्र सुरुवातीच्या ‘व’चा ‘ब’ होतो, म्हणून तिकडे ‘बाँस’ आणि ‘बाँसुरी’. आपल्या बासरीतला ‘ब’ ही तिकडची खूण आहे. शब्द इथेच घडला असता तर ‘वासरी’सारखं काहीतरी झालं असतं आणि गोठ्यात गोंधळ उडाला असता. म्हणजे आज सर्वांत मराठी वाटणारा शब्द हा या गटातला पाहुणा आहे. आलेला शब्द रुळला की तो आपलाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘पावा हा बासरीला ग्रामीण शब्द’ असं कुणी म्हणालं की मला हसू येतं.

‘वेणू’ची गोष्ट याहून मजेदार आहे. वेणु म्हणजेही बांबूच. तो प्राकृतातून उतरत आला तेव्हा त्याचा ‘वेळू’ झाला, आणि हा वेळू अजून आपल्या बेटांत, कुंपणांत, बुरुडांच्या हातात आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना लागणारं वेळू गाव बहुतेकांना माहीत असेल. संस्कृत रूप तेवढं जसंच्या तसं काव्यात आणि देवघरात राहिलं. बांबूच्या बेटात तो वेळू, कृष्णाच्या ओठाशी गेला की वेणू. म्हणून मेजावरच्या वाद्याच्या पाटीवर ‘वेणू’ लिहू नका. कर्नाटक संगीताची बासरी ठेवली असेल तर गोष्ट वेगळी, कारण तिकडे ते वाद्याचं चालू नाव आहे. आपल्याकडेही कुणी वादकानं स्वतः ते नाव निवडलं असेल तर ते तसंच ठेवायचं. पुण्याच्या केशव गिंडे यांनी विकसित केलेली बासरी ‘केशव वेणू’ म्हणूनच ओळखली जाते.

‘मुरली’ही कवितेच्या घरची. एकनाथांच्या गवळणींत वेणूही आहे आणि मुरलीही, आणि त्यांत वाद्याचा फरक दाखवायचा हेतू दिसत नाही. जो शब्द चालीत बसला तो आला. टंकताना फक्त ‘ल’चा ‘ळ’ होऊ देऊ नका. मुरळी खंडोबाची, वाघ्याबरोबरची, आणि तिचा बासरीशी काही संबंध नाही. (आणि सासरी गेलेल्या बहिणीला आणायला जाणारा भाऊ तो मुराळी. या तिघांची गल्लत मी छापलेल्या मजकुरात पाहिलेली आहे.)

आता पावा. इथे शब्दांपेक्षा वाद्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. मेजावरच्या वाद्यांत नळीतून आवाज काढायच्या तीन तऱ्हा आहेत. पहिलीत नळी आडवी धरायची, बाजूच्या भोकावर ओठ टेकवायचे आणि फुंकर भोकाच्या पलीकडच्या काठावर फोडायची. दुसरीत नळीचं टोकच तोंडात धरायचं. टोकाला बूच बसवून एक बारीक फट ठेवलेली असते, ती फट हवेला नेमक्या धारेवर नेऊन सोडते, त्यामुळे नवशिक्यानंही पहिल्या फुंकरीला आवाज निघतो. तिसरीत आवाज जिव्हाळीचा, म्हणजे थरथरणाऱ्या पातळ पात्याचा. नळी फक्त तो घडवते. सनई, पुंगी, तारपा, पावरी ही सगळी तिसऱ्या तऱ्हेची.

पहिल्या तऱ्हेला बासरी म्हणा. दुसऱ्या तऱ्हेला पावा किंवा अलगूज हे शब्द सर्वांत नेमके बसतात. वासुदेव कमरेला खोचून आणतो तो पावा, जत्रेत काठीला झाडासारख्या टोचून ज्या बासऱ्या विकायला येतात, त्यांतल्या तोंडात धरायच्या तेही पावेच. अलगूज हा उत्तरेतल्या ‘अलगोज्या’चा भाऊबंद. पंजाब, सिंध, राजस्थानात अलगोजा म्हणजे दोन नळ्यांची जोडी, एकाच तोंडात एकाच वेळी धरलेली. कच्छमध्ये तशाच जोडीला ‘जोडिया पावा’ म्हणतात, म्हणजे पावा हा शब्दही गुजरातीशी आपल्या सामाईक खात्यातला. मराठीतलं अलगूज बहुधा एकनळी राहिलं, आणि आता तर शब्दकोड्यांपुरतं उरलंय.

हा नियम मी तज्ज्ञाच्या थाटात सांगतोय खरा, पण तो काटेकोर पाळला जात नाही. कृष्णाची सगळी चित्रं आडव्या बासरीची, आणि तरी ‘कान्हाचा पावा’ म्हणताना कुणालाही अडखळायला होत नाही. बोलण्यात हे चालू द्या. पण वाद्य समोर ठेवून पाटी लिहिताना फरक पाळा, कारण बघणारा पाटीवरचं नाव त्या वस्तूशी जोडणार आहे.

मग सगळीकडे ‘बासरी’च का ऐकू येते? माझ्या मते याचं कारण मैफल. पन्नालाल घोष (1911–1960) यांनी लांब, खर्जाची बासरी ख्याल गायकीच्या तोडीला आणली आणि त्यानंतर रागसंगीताच्या मंचावरचं वाद्य म्हणजे बासरी हे पक्कं झालं. आकाशवाणीवर तेच नाव, शिकवणीच्या वर्गांत तेच नाव. मंचावर चढलं ते नाव मोठं झालं आणि बाकीची गुराख्याच्या नाहीतर देवाच्या वाट्याला गेली. या लांब बासरीचा बांबूही इथला नव्हे. तिला पातळ सालीचं, सरळ आणि लांब पेर लागतं, ते आसामकडून येतं. आपला कोकणातला माणगा जवळजवळ भरीव असतो; तो खांबाला आणि काठीला उत्तम, फुंकायला निरुपयोगी.

पावरीवर थोडं थांबायला हवं, कारण तिथे शब्दच फसवतो. पावा पुल्लिंगी, पावरी स्त्रीलिंगी, तेव्हा पावरी म्हणजे छोटा पावा असणार, असं मराठी कान लगेच ठरवतो. लोटा-लोटी, डबा-डबी ही आपली सवयच आहे. प्रत्यक्षात पावरी पूर्ण वेगळं वाद्य आहे आणि कुठल्याही पाव्यापेक्षा मोठं. सुरगाणा, पेठ, डांग या पट्ट्यातल्या कोकणा समाजाचं ते वाद्य; वाळलेला भोपळा, त्यात बसवलेल्या जिव्हाळीच्या बांबूच्या नळ्या आणि पुढे कर्णा. सोंगी मुखवट्यांच्या नाचात संबळाबरोबर वाजते ती हीच. नंदुरबारकडच्या पावरा जमातीचं नाव ऐकून काहीजण वाद्याचा धागा तिकडे जोडतात, पण त्या नावाचा संबंध पावागडाशी सांगतात, पावरीशी नाही. आणि गूगलवर ‘पावरी’ शोधलंत तर 2021 सालचा, ‘पार्टी’ला ‘पावरी’ म्हणणारा तो व्हिडिओ आधी येऊ शकेल, तो ओलांडून पुढे जा.

तारपा हा तिचा पालघरकडचा सखा. डहाणू, जव्हार, विक्रमगड भागातले वारली आणि त्यांच्या शेजारचे समाज तो वाजवतात. भोपळ्याची हवापेटी, तिच्यात मेणानं घट्ट बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आत जिव्हाळ्या आणि शेवटाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा. वाजवणारा तो तारपकरी. हा ‘-करी’ वारकऱ्यातला, कष्टकऱ्यातला; ‘तारपावादक’पेक्षा मला तो शंभर पटींनी आवडतो आणि पाटीवर तोच असावा. वारली चित्रांमधलं नाचणाऱ्यांचं वेटोळं सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्याच्या मधोमध उभा असतो तो तारपकरी. नाच चालू आहे तोवर त्याला थांबता येत नाही. गालांत हवा साठवून ती बाहेर ढकलत असतानाच तो नाकानं श्वास घेतो, म्हणून आवाज तुटत नाही.

आणि न तुटणाऱ्या आवाजाचंच तुमचं दुसरं कोडं आहे.

पुंगी घ्या, तिच्यात ते सर्वांत स्पष्ट दिसतं. भोपळ्याखाली दोन नळ्या. एकीवर भोकं आणि त्यांवर बोटं फिरतात, दुसरी एकाच स्वराला धरून बसलेली. हिला ‘ड्रोन’ म्हणायची आता सोयच उरली नाही. शेतात औषध फवारणारं यंत्र ड्रोन, लग्नात डोक्यावर घिरट्या घालणारा कॅमेरा ड्रोन. ‘पुंगीला एक ड्रोन असतो’ असं वाचून शाळकरी पोरं नळीत काय शोधतील सांगता येत नाही. (‘गाजराची पुंगी’ म्हणतो आपण, वाजली तर वाजली नाहीतर मोडून खाल्ली. त्या पुंगीला मात्र दुसरी नळी नसावी.)

सनईवाल्यांकडे या नळीसाठी शब्द आधीपासून आहे. चौघड्याबरोबर दोन सनया दिसतात. एक वाजते, दुसरी फक्त षड्ज धरते. तिच्यावर बोटं फिरवायची भोकं नसतात, किंवा असली तर मेणानं बुजवून तिचा स्वर जुळवून घेतात. त्या दुसरीचं नाव ‘सूर’. वाद्याचं नाव सूर, आणि करायचं काम ‘सूर धरणे’. गोव्यात देवळांतल्या वाद्यांत हिलाच ‘सुर्त’ म्हणतात, तो ‘श्रुती’चा अवतार. तमाशात मागे उभं राहून झील धरणारा तो सुरत्या. गाण्याच्या क्लासात तंबोऱ्याऐवजी जी पेटी चालू करून ठेवतात ती सूरपेटी, आणि तिच्यात ‘सूर’ म्हणजे नेमका हाच, सगळ्या गाण्याखाली न हलणारा स्वर. गोव्याच्या धनगरांच्या लांब बांबूच्या वाद्याचं नाव तर ‘सुरपावो’. इतके जण एकाच शब्दाभोवती जमलेले असताना ‘अखंडस्वरनलिका’ कुणासाठी घडवायची? ती उच्चारायलाच अखंड श्वास लागतो.

यावर एक आक्षेप येईल, तो रास्त आहे. सूर या शब्दावर आधीच फार ओझं आहे. बोलण्यात नाराजीचा सूर असतो, विहिरीत सूर मारतात, गाणारा सुरात असतो किंवा नसतो. मग वाचणाऱ्याला कळेल का? माझं म्हणणं, शेजारचा शब्द ते काम करतो. ‘सनई आणि सूर’ असं वाचल्यावर कुणाचाही घोटाळा होत नाही. तारपा आणि पुंगीसाठी ‘सुराची नळी’ लिहा, म्हणजे शंकेला जागा नाही. तिच्या जोडीची ती ‘बोटांची नळी’ म्हणता येईल. हा माझा शब्द आहे, रूढ नाही, पण बघताक्षणी समजतो. आवाजाबद्दल लिहायचं तर ‘धरलेला सूर’. संगीतशास्त्राच्या लेखात ‘आधारस्वर’ किंवा ‘आधारषड्ज’ शोभेल, पाटीवर तो जड होतो.

एक सावधगिरी. सनईचं जुनं भावंड ‘सुरनाय’ वाचनात आलं तर त्यातल्या ‘सुर’वर हा सगळा डोलारा रचू नका. तो शब्द फारसीतून आलाय, त्यातला ‘नाय’ म्हणजे नळी. आपला सूर ‘स्वर’पासूनचा. दिसायला जुळे, कूळ वेगळं.

नावांची ही काटेकोरी कुणाला पंडिती वाटेल. पण 2024 च्या लोकसभा निवडणुकीत ‘ट्रम्पेट’ या चिन्हाचं मराठी नाव यादीत ‘तुतारी’ असं आलं, आणि ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या दुसऱ्या चिन्हाशी त्याची गल्लत झाल्याची तक्रार पुढे बराच काळ गाजली. लोक त्या ट्रम्पेटला पिपाणी म्हणत होते, जे यादीपेक्षा बरंच नेमकं होतं. विधानसभेच्या वेळी मग नाव सरळ ‘ट्रम्पेट’ असं ठेवलं गेलं.

उरलं व्याकरण, तेही पाट्यांपुरतं. तारपा आणि पावा आकारान्त पुल्लिंगी आहेत, म्हणून ‘तारप्याचा कर्णा’, ‘पाव्याचं तोंड’. ‘तारपाचा’ हे हल्ली सरकारी पत्रकांतही दिसतं, ते टाळा. अलगूज नपुंसकलिंगी : ते अलगूज, अलगुजाचं. सूरचं सामान्यरूप करताना दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो, सुराची नळी; सूरपेटीत मात्र तो दीर्घच राहतो. क्रियापदांत शंख आणि तुतारी फुंकतात, बाकी सगळी वाजवतात. सुराच्या नळीला ‘वाजते’ म्हटलंत तरी चूक नाही, पण सनईवाला ‘सूर धरलाय’ म्हणेल, आणि पाटीवर मी तेच लिहीन : ‘एका नळीवर चाल वाजते, दुसरी सूर धरते.’