मदत मागताना संकोच का वाटावा?

प्रश्न: मंडळीत इतरांच्या अडचणीला मी आनंदाने धावून जाते, परंतु आता स्वतः आजारी असताना कोणाकडे शब्द टाकायला मन धजत नाही. मदत मागणे हे अल्पविश्वासाचे लक्षण आहे का?

उत्तर: मुळीच नाही. प्रवासाने थकून विहिरीजवळ बसलेल्या प्रभू येशूने शोमरोनी स्त्रीकडे स्वतःहून पाणी मागितले (योहान ४:७), आणि त्याच मागण्यातून तिच्याशी पुढचा सारा संवाद उलगडला. येशू शिष्यांचे पाय धूत असता, त्याच्याकडून आपले पाय धुऊन घेण्यास त्याचा शिष्य पेत्र याने आधी नकारच दिला होता. सेवा स्वीकारणे हे सेवा करण्याहून कित्येकदा अवघड असते, असे मलाही मनापासून वाटते. घेण्यापेक्षा देण्यात अधिक धन्यता आहे, हे प्रभूचे वचन प्रेषित पौलाने सांगितले (प्रेषितांची कृत्ये २०:३५). तरीही त्याच पौलाने फिलिप्पै नगरातील विश्वासणाऱ्यांनी पाठवलेले साहाय्य कृतज्ञतेने स्वीकारले. इतरांना साहाय्य करताना जो आनंद आपण अनुभवला, तोच आपली गरज लपवल्याने आपल्या बंधुभगिनींना नाकारला जातो. म्हणून या आठवड्यात एकाच विश्वासू व्यक्तीला, औषधे आणून देणे किंवा सोबत बसून प्रार्थना करणे, असे एखादे नेमके काम सांगून पाहा.