गोळी बाबांची, मेसेज लेकीला

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत, इचलकरंजीला एकटेच राहतात. मधुमेह, रक्तदाब आणि थायरॉइड, तिन्हीच्या गोळ्या चालू आहेत. मी चिंचवडला असते. त्यांच्या मोबाइलवर गोळ्यांची आठवण करून देणारं अ‍ॅप टाकून दिलं. गोळी चुकली की मला मेसेज येतो. त्यांनी ते बंदच करून टाकलं. ‘कटकट आहे’ म्हणतात. यापेक्षा चांगलं अ‍ॅप कोणतं?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : अ‍ॅपचं नाव सांगत नाही, कारण ते बदलून तुमचा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी असते. तुमच्या वडिलांच्या वयाची माणसं मोबाइल पुढे करतात, “ताई, एवढं वाजायचं बंद करून द्या.” मी आधी विचारते, कधी वाजतं? बहुतेकदा उत्तर एकच : सकाळी आठला, सगळ्या गोळ्यांचं एकदम. भरणाऱ्यानं एका बैठकीत भरून टाकलेलं असतं.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर ती आणखी चार तासांनी. मधुमेहाची मेटफॉर्मिन जेवणाबरोबर. म्हणजे बाबांना घड्याळ नको आहे, ‘उठल्यावर’, ‘नाश्त्याबरोबर’, ‘रात्री जेवताना’ असं हवं आहे. आणि एकादशीला काय? चिठ्ठीत ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी असेल आणि उपाशी राहून ती घेतली, तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. अ‍ॅप मात्र इमानेइतबारे वाजतं. ‘आज उपास आहे’ असं बटण मला अजून कुठे दिसलेलं नाही. उपासाच्या दिवशी काय करायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि त्या गोळीच्या नोंदीतच टाकून ठेवा.

खरी तक्रार बऱ्याचदा वेगळीच असते : “गोळी संपली, तरी वाजतंय.” एक स्ट्रिप दहाची, एक पंधराची, थायरॉइडची तर बाटलीच, प्रत्येक वेगळ्या दिवशी संपते आणि माणूस मेडिकलला खेपा घालतो. शिल्लक मोजून चार दिवस आधी सांगणारं अ‍ॅप असेल तर ते घ्या. लोकांना गजरापेक्षा हे जास्त हवं असतं.

आता दुकानदारांची बाजू. हवी ती कंपनी नसली की आम्ही डॉक्टरांना विचारून दुसऱ्या कंपनीची देतो, किंवा तुम्हीच जनऔषधीतून आणता. औषध तेच, पण नाव वेगळं आणि रंगही वेगळा. डब्यात जुनी स्ट्रिप उरलेली असते, मग दोन्ही घेतल्या जातात आणि बीपी खाली येऊन माणूस गरगरतो. म्हणून अ‍ॅपमध्ये कंपनीचं नाव भरू नका. ‘टेल्मिसार्टन ४०, बीपीची’ असं मराठीत लिहा, सोबत गोळीचा फोटो. स्ट्रिप बदलली की फोटोही बदला.

मेसेजचं म्हणाल, तर मी बाबांच्या बाजूची आहे. गोळी घेतलेली असते, बटण दाबायचं राहतं, आणि दहाव्या मिनिटाला लेकीचा फोन! रोज हजेरी कोणाला आवडेल? कळवायचं की नाही, कोणत्या गोळीचं आणि किती उशिरानं, हे त्यांनाच ठरवू द्या. अ‍ॅप गोळ्या विकणारंही असेल तर आजारांची यादी तिथे भरण्याआधी दोनदा विचार करा.

एक बारीक गोष्ट : अ‍ॅप वाजायचंच थांबलं असेल तर कधी कधी मोबाइलची बॅटरी वाचवण्याची सोय त्याला झोपवते. सेटिंग्जमध्ये जाऊन तेवढं अ‍ॅप त्यातून वगळा.

आणि हे सगळं ऐकूनही ते ‘नको’ म्हणाले, तर सात दिवसांच्या खणांची डबी आणा. रविवारी फोनवर गप्पा मारता मारता ते भरतील, रिकामा खण बघून गोळी घेतली का तेही त्यांना कळेल. थायरॉइडची गोळी तेवढी तिच्या बाटलीतच राहू द्या. ओल आणि उजेड तिला सोसत नाही.