टचपॅड बंद पडलंय? आधी एवढं बघ

भावा, घाबरू नको की, आणि लगेच खडेबाजारात रिपेरीला लॅपटॉप घेऊन पळू नको. नव्या माणसाचं निम्म्या वेळा काय होतंय, चुकून टचपॅडचं बटणच दाबलं गेलेलं असतंय. कीबोर्डच्या वरच्या ओळीतल्या एफ-१ ते एफ-१२ बटणांमध्ये टचपॅडचं चित्र कुठल्या बटणावर आहे ते शोध, एफएन (Fn लिहिलेलं बटण) धरून ते एकदा दाब, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतंय.

नाहीच झालं तर:
- पूर्ण रिस्टार्ट कर, नुसतं झाकण लावून उघडू नको
- यूएसबी माऊस लाव, सेटिंगमध्ये टचपॅड ऑन आहे का बघ, तिथंच माऊस लावल्यावर टचपॅड बंद ठेवायचं असाही ऑप्शन असतोय
- हात कोरडे ठेव, आपल्याकडं पावसात ओल्या बोटानं कर्सर उड्या मारतोय

फॉरमॅट मारू नको, कुठल्यातरी साईटवरनं ड्रायव्हर (टचपॅड चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवू नको. मी पहिल्यांदा तेच केलं, दोन दिवस गेले.

एक मात्र नीट ऐक, टचपॅड वर उचलल्यासारखं दिसतंय किंवा क्लिक घट्ट झालंय तर आतली बॅटरी फुगलेली असू शकतीय. दाबून बसवू नको, चार्जिंग काढ, बंद कर आणि मग मात्र थेट रिपेरीवाल्याकडं जा. ड्रायव्हर, बायोसचं (लॅपटॉप सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) नंतर बघू, आधी एवढं करून सांग.