नफा झालाय म्हणतात, पण खात्यात पैसेच नाहीत. मग कर भरायचा कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धंद्याचं पहिलं वर्ष संपलं. कर सल्लागाराने हिशेब करून सांगितलं की नफा चांगला झालाय, त्यावर कर बसेल. तुम्ही बँकेचं खातं पाहिलं तर शिल्लक जेमतेम. सल्लागाराचं काही चुकलंय का, नसेल तर पैसे गेले कुठे आणि कर भरायचा कशातून, हे तुम्हाला हवंय.

सल्लागाराचं चुकलं असण्याची शक्यता कमी आहे. मी छोट्या धंद्यांची खाती लिहिते आणि वर्षअखेरीला हाच प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. विचारणारा माणूस वर्षभर राबलेला असतो. नफ्याचा आकडा आणि रिकामं खातं शेजारी शेजारी दिसलं की त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते मला अगदी समजतं. पण पैसे कुठे गेले हे पैन् पै शोधता येतं. तुमचे आकडे माझ्यासमोर नाहीत, म्हणून सोपे आकडे धरते. त्या जागी तुमचे घालून बघा.

समजा मालकाने पदरचे 1,50,000 घातले आणि 1,00,000 कर्ज काढलं. म्हणजे सुरुवातीला खात्यात 2,50,000. वर्षभरात विक्री झाली 10,00,000 ची, पण त्यातले 2,00,000 गिऱ्हाइकांकडून अजून यायचे आहेत. माल घेतला 6,50,000 चा. त्यातला 1,00,000 चा माल वर्षअखेरीला पडून आहे आणि पुरवठादारांचे 60,000 द्यायचे राहिलेत. भाडं, पगार, वीज, कर्जाचं व्याज असा खर्च 2,00,000. एक मशीन घेतलं 1,00,000 चं. कर्जाच्या मुदलापैकी 40,000 फेडले. घरखर्चासाठी धंद्यातून 90,000 उचलले.

आता नफा काढू. विक्री 10,00,000. विकलेल्या मालाची किंमत 5,50,000, कारण पडून असलेला माल अजून विकलाच नाही, तो या वर्षीच्या खर्चात धरायचा नाही. खर्च 2,00,000. मशीन 5 वर्षं चालेल असं धरून या वर्षीचा घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, 20,000. उरला नफा 2,30,000.

आणि बँक? सुरुवातीचे 2,50,000 आणि गिऱ्हाइकांकडून आलेले 8,00,000 मिळून 10,50,000. गेले किती? पुरवठादारांना 5,90,000, खर्चाला 2,00,000, मशीनला 1,00,000, मुदलाला 40,000, घरी 90,000, एकूण 10,20,000. खात्यात राहिले 30,000.

दोन्ही आकडे खरे आहेत. नफा 2,30,000 झाला, पण खातं मात्र 2,20,000 नी आटलं. या दोहोंतली तफावत 4,50,000, आणि तिचा एकेक तुकडा दाखवता येतो: उधारीत 2,00,000, मालात 1,00,000, मशीनमध्ये 80,000 (घसारा वजा करून), मुदलात 40,000, घरी 90,000. बेरीज 5,10,000. त्यातून पुरवठादारांचे न दिलेले 60,000 वजा करा, बरोबर 4,50,000. म्हणजे पैसे हरवलेले नाहीत. काही धंद्यातच वेगळ्या रूपात अडकलेत, काही कर्ज फेडण्यात गेले आणि काही तुम्हीच घरी नेलेत.

ताळेबंदही, म्हणजे धंद्याकडे काय आहे आणि ते कोणाच्या पैशातून आलं याचा तक्ताही, जुळतो. एका बाजूला बँक 30,000, येणं 2,00,000, माल 1,00,000, मशीन 80,000, एकूण 4,10,000. दुसऱ्या बाजूला कर्ज 60,000, पुरवठादार 60,000 आणि मालकाचं भांडवल 2,90,000 (घातलेले 1,50,000 अधिक नफा 2,30,000 वजा उचल 90,000). पुन्हा 4,10,000. हे जुळणं मला आजही समाधान देतं. प्रत्येक व्यवहार एका खात्यात नावे आणि दुसऱ्यात जमा लिहायची ही दुहेरी पद्धत व्हेनिसचे व्यापारी वापरत असत आणि 1494 मध्ये लुका पाचोली या फ्रान्सिस्कन भिक्षूने ती छापून जगासमोर ठेवली. आजची सॉफ्टवेअर आतून त्याच नियमावर चालतात.

वरच्या यादीतल्या तीन गोष्टींवर मालकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून त्यांच्याकडे नीट बघू.

पहिली, कर्जाचा हप्ता. बँकेतून एकच रक्कम कापली जाते, त्यामुळे ती सगळी खर्च वाटते. पण हप्त्यात मुद्दल आणि व्याज असे दोन भाग असतात, आणि खर्च धरायचं ते फक्त व्याज. कर्ज मिळालं तेव्हा ते उत्पन्न नव्हतं, मग परत करताना तो खर्च कसा होईल? बँकेकडून परतफेडीचं वेळापत्रक मागून घ्या, त्यात प्रत्येक हप्त्याची फोड दिलेली असते.

दुसरी, मालकाची उचल. एकट्या मालकाच्या धंद्यात स्वतःला ‘पगार’ म्हणून जे घ्याल तो करासाठी साधारणपणे खर्च नसतो, ती नफ्यातून घेतलेली उचल असते. (कंपनी असेल तर गोष्ट वेगळी. कंपनी आणि मालक कायद्याने दोन, त्यामुळे तिथे पगार हा खर्च ठरू शकतो.) धंद्याच्या कार्डावर घरासाठी फ्रीज घेतला, तर नोंद होते ‘मालकाची उचल नावे, बँक जमा’. ती ‘किरकोळ खर्च’ या खात्यात टाकायचा मोह होतो. कृपा करून टाकू नका. तपासणीत अशी एक नोंद सापडली की तुमच्या खऱ्या खर्चांकडेही संशयाने पाहिलं जातं, आणि मग प्रत्येक बिलाचा खुलासा करत बसावं लागतं. यावरचा एकमेव सोपा उपाय म्हणजे धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवणं आणि दर महिन्याला ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम घरच्या खात्यात वळवणं. बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच.

तिसरी, उधारी. बहुतेक धंद्यांत पैसा अडकतो तो इथेच. माल दिला आणि बिल केलं की व्यापारी पद्धतीत विक्री झाली, नफा झाला. पैसे येवोत न येवोत. बऱ्याच देशांत छोट्या धंद्यांना रोख पद्धतीने, म्हणजे पैसे आले की उत्पन्न आणि दिले की खर्च अशा तऱ्हेने, हिशेब ठेवायची मुभा असते. तुमच्या धंद्याला ती लागू आहे का हे सल्लागाराला जरूर विचारा. पण मनाला येईल तशी दरवर्षी पद्धत बदलता येत नाही, हे ठरवताना लक्षात असू द्या. आणि रोख पद्धतीने कर पुढे ढकलला जाईल, उधारी काही वसूल होणार नाही. त्यासाठी येण्याची यादी वयानुसार लावा: 30 दिवसांच्या आतली, 31 ते 60, 61 ते 90 आणि त्याच्या पुढची. शेवटच्या रकान्यात कोण आहे ते दर आठवड्याला बघा आणि फोन करा. बिल जितकं जुनं होतं तितकं ते वसूल होणं अवघड जातं. खरोखरच बुडालेली उधारी नियमांप्रमाणे खर्चात टाकता येते, पण त्यासाठी मागणी केल्याचे पुरावे लागतात, तेव्हा तगादा लेखी ठेवा.

माझ्या उदाहरणात मी विक्रीवरचा कर मुद्दाम धरला नव्हता. मूल्यवर्धित कर फ्रान्सने 1954 मध्ये सुरू केला आणि आज 170 हून जास्त देशांत तो कुठल्या ना कुठल्या नावाने आहे. तुमच्या धंद्याला तो लागू असेल तर बिलावर गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर तुमचा नाहीच. तो सरकारचा, तुमच्या खात्यात काही दिवस थांबलेला. खरेदीवर तुम्ही भरलेला कर त्यातून वजा होतो आणि उरलेला भरायचा असतो. तो विक्रीत मिळवायचा नाही, वेगळ्या खात्यात ‘देणं’ म्हणून दाखवायचा. मी तर सांगते, बँकेतही तो वेगळ्या खात्यात काढून ठेवा. बऱ्याच ठिकाणी बिल केल्याच्या तारखेपासूनच हा कर देय होतो, गिऱ्हाइकाने दमडी दिली नसली तरी. म्हणून लांब मुदतीची उधारी देताना त्या बिलावरचा कर आधी तुमच्या खिशातून जाणार आहे हे धरून चाला.

आता वह्यांबद्दल. तुमच्या आकाराच्या धंद्याला मोठा पसारा लागत नाही. रोजची कीर्द (दिवसभराचे व्यवहार लिहायची वही), त्यावरून प्रत्येक गिऱ्हाइकाचं आणि पुरवठादाराचं खातं, मालाची नोंद आणि बिलांची फाइल. कागदावर लिहा किंवा संगणकावर, माझा आग्रह फक्त नोंद त्याच दिवशी व्हावी एवढाच आहे. महिन्याने लिहायला बसलं की ‘हे 700 कशाचे?’ यातच दिवस जातो. यंत्रातून निघणाऱ्या चकचकीत कागदाच्या पावत्यांची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात, त्यांचा फोटो लगेच काढून ठेवा.

महिन्यातून एकदा तुमची वही बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहा. फरक निघाला तर घाबरून सगळं पुन्हा लिहू नका. आधी त्या फरकाला 9 ने भागा. नेमका भाग गेला तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. 5,400 चे 4,500 लिहिले गेले की फरक 900. शेजारचे कुठलेही दोन अंक उलटे पडले तरी फरक 9 च्या पटीतच येतो. तसं नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधा. 640 चा फरक असेल तर 320 ची एखादी नोंद जमेऐवजी नावे पडली असेल. तेही नसेल तर बँकेने परस्पर कापलेले शुल्क किंवा अजून न वटलेला धनादेश बघा. बहुतेक फरक एवढ्यातच सापडतात.

राहिला या वर्षीचा कर. पैसे नाहीत म्हणून विवरणपत्रच भरायचं नाही, असं मात्र करू नका. उशिरा विवरण भरण्याचा दंड आणि कर थकल्याचं व्याज या पुष्कळ देशांत दोन वेगळ्या गोष्टी असतात. विवरण वेळेत दिलंत तर पहिली तरी टळते. सल्लागाराबरोबर बसून तीन गोष्टी पाहा: पडून असलेल्या मालात खराब किंवा न विकला जाणारा माल किती आहे आणि त्याची किंमत कमी धरता येते का, मशीनचा घसारा पूर्ण घेतलाय का, आणि देय झालेला एखादा खर्च बिल न आल्यामुळे नोंदवायचा राहिलाय का. त्यानंतर जो कर निघेल तो हप्त्यांनी भरण्याची सोय तुमच्याकडे आहे का ते विचारा. अनेक करखाती ती देतात, पण मुदत उलटायच्या आत अर्ज केला तर काम सोपं होतं. त्याच आठवड्यात 90 दिवसांपलीकडच्या उधारीवाल्यांना गाठा. कराचा पहिला हप्ता बहुधा तिथूनच निघेल.

पुढच्या वर्षासाठी दर तिमाहीला नफ्याचा अंदाज काढा आणि त्यावर बसणारा कर लगेच बाजूला टाका. काही देशांत असा आगाऊ कर भरणं बंधनकारकच आहे, तेव्हा तुम्हाला तो लागू होतो का हेही त्याच भेटीत विचारून घ्या. उत्तर वाचून तुमचे आकडे मांडून पाहिलेत आणि कुठे जुळलं नाही, तर खाली लिहा. नावं-गावं नकोत, नुसते आकडे पुरेत. मी बघेन.