लिनक्सची पॅकेजेस शोधायची साइट बनवलीय, पण मुलं वापरत नाहीत. काय बदलू?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या लॅबमधल्या डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) मशीन्ससाठी पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करायचं सॉफ्टवेअर, शोधायची साइट केलीत, डेटा सगळा बरोबर आहे, तरी मुलं एकदोनदा शोधून बघतात आणि परत गूगलवर जातात, मग आता डिझाइन नवीन करावं का. माझं स्पष्ट मत, डिझाइनला सध्या हातच लावू नका. मुलं त्या बॉक्समध्ये नेमकं काय टाइप करतात ते आधी बघा, पाणी तिथेच मुरतंय.

मी आमच्या लिनक्स ग्रुपसाठी असंच एक पान बनवलं होतं. ओळखीतले एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांच्याकडे जुन्या मराठी पुस्तकांची स्कॅन केलेली पानं होती आणि त्यातला मजकूर परत टाइप न करता बाहेर काढायचा होता. मी शेजारी बसलो, मुद्दाम काही बोललो नाही. सरांनी इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'मराठी ओसीआर' टाकलं, शून्य रिझल्ट. मग 'स्कॅन टू टेक्स्ट', पुन्हा शून्य. माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे लिनक्समध्ये हे होतच नाही का?" होतं हो, अगदी नीट होतं! पॅकेजचं नाव टेसरॅक्ट-ओसीआर आणि पुढे डॅश देऊन एमएआर, वर्णनात मराठीचा उल्लेखही आहे, पण माझं सर्च फक्त नावात बघत होतं आणि तेसुद्धा टाइप केलेले सगळे शब्द एकाला एक चिकटून आले तरच. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं, कारण सर बरोबर शोधत होते, चूक माझ्या पानाची होती. वर आणखी एक, लिब्रेऑफिसचं मराठीचं पॅकेज एमआर वर संपतं आणि टेसरॅक्टचं एमएआर वर, एकाने भाषेचा दोन अक्षरी कोड घेतला, दुसऱ्याने तीन अक्षरी. हे शोधणाऱ्याला माहीत असायची काहीच गरज नाही, ते साइटला माहीत पाहिजे. भाषांची नावं आणि त्यांचे दोन्ही कोड अशी छोटी यादी सर्चला जोडून द्या, आणि त्यात देवनागरीतलं 'मराठी' पण घाला.

तर मुख्य गोष्ट ही, की माणूस पॅकेजचं नाव घेऊन येत नाही, तो काम घेऊन येतो किंवा कुठल्यातरी ट्यूटोरियलमधली कमांड घेऊन येतो. तुमच्या लॅबमधली मुलं तर जास्त करून कमांडच घेऊन येणार. पीडीएफटूटेक्स्ट हवं असेल तर ते पॉप्लर-युटिल्समध्ये असतं, किलऑल पीएसमिस्कमध्ये, डिग कमांड बाइंड९-डीएनएसयुटिल्समध्ये, हे नावावरून कोण ओळखणार? याचा डेटा तयारच आहे, डेबियनच्या प्रत्येक मिररवर (पॅकेजेसची प्रत ठेवणारा सर्व्हर) कंटेंट्स-एएमडी६४ नावाची जीझिप फाइल असते, तिच्या प्रत्येक ओळीत फाइलचा पाथ आणि ती कुठल्या पॅकेजमधली ते लिहिलेलं असतं. त्यातल्या यूएसआर/बिन आणि यूएसआर/एसबिनच्या ओळी उचला (जुन्या रिलीजसाठी नुसतं बिन आणि एसबिन पण), झाली तुमची कमांडची यादी. डेबियनच्या स्वतःच्या साइटवर ही सोय आहे, पण तिथे फाइल शोधायचा फॉर्म वेगळा आणि पॅकेज शोधायचा वेगळा, नवीन माणसाला आपण कुठल्या फॉर्ममध्ये टाइप करायचं तेच कळत नाही. तुम्ही बॉक्स एकच ठेवा आणि निवडायचं काम आतल्या आत करा. एक खाचखळगा आधीच सांगून ठेवतो, ऑक (मजकुरावर काम करणारी एक कमांड) शोधलं तर ते त्या फाइलमध्ये कमांड म्हणून सापडणार नाही, कारण ती लिंक इन्स्टॉल होताना तयार होते. तिथे पॅकेजच्या माहितीतलं प्रोव्हाइड्स हे फील्ड कामाला येतं, मॉक आणि गॉक ही दोन्ही पॅकेजेस तिथे आपण ऑक पुरवतो असं सांगतात. ते फील्डसुद्धा इंडेक्समध्ये घ्या.

मग क्रम. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६९,८३० पॅकेजेस आहेत, त्यामुळे सापडलं एवढंच पुरत नाही, वर दिसायला पाहिजे. नुसतं अक्षरं जुळवत बसलात तर गिट शोधणाऱ्याला डिजिटेम्प पण दिसेल, ते तापमानाचे सेन्सर वाचायचं पॅकेज, का तर त्या स्पेलिंगच्या पोटात जीआयटी आहे! म्हणून आधी तंतोतंत नाव, मग तंतोतंत कमांड, मग नावातला डॅशने तोडलेला पूर्ण शब्द आणि सगळ्यात शेवटी वर्णन. बरोबरी झाली तर डेबियनच्या पॉपकॉनचे, म्हणजे कुठलं पॅकेज किती मशीन्सवर आहे त्याचे, आकडे वापरा, ते फक्त स्वतःहून माहिती पाठवणाऱ्या मशीन्सचे असतात पण क्रम लावायला पुरतात. फक्त लायब्ररी आणि डेव्हलपमेंटची पॅकेजेस त्या आकड्यांवर वर येऊ देऊ नका, ती दुसऱ्या कशाच्या तरी मागून आपोआप इन्स्टॉल झालेली असतात. सेक्शनच्या फील्डवरून ओळखून खाली ढकला. स्पेलिंग चुकलं तर पोस्टग्रेस डेटाबेसचं ट्रायग्रॅमचं (तीन-तीन अक्षरांचे तुकडे जुळवणारं) एक्स्टेंशन आहे, पण ते रिझल्ट कमी आले तरच लावा, नाहीतर चांगल्या रिझल्टमध्ये कचरा मिसळतो.

पॅकेजच्या पानावर सगळ्यात वर इन्स्टॉल करायची पूर्ण ओळ पाहिजे, सुडो पासून शेवटपर्यंत, शेजारी कॉपीचं बटण. आणि तिच्या लगेच खाली, इन्स्टॉल झाल्यावर टर्मिनलमध्ये काय टाइप करायचं ते. हे मी अगदी आग्रहाने सांगतोय. बॅट नावाचं पॅकेज घ्या, कॅटसारखं पण रंगीत दाखवणारं. मुलगा इन्स्टॉल करतो, बॅट टाइप करतो, कमांड नॉट फाउंड. कारण ते नाव दुसऱ्या एका पॅकेजशी भांडतं म्हणून डेबियनमध्ये कमांडचं नाव बॅटकॅट ठेवलंय. एफडीचं तसंच, पॅकेज एफडी-फाइंड, कमांड एफडीफाइंड. कंटेंट्स फाइल तुमच्याकडे आलेलीच आहे, तर ही ओळ फुकटात दाखवता येते, आणि एका मुलाचा अर्धा तास वाचतो.

डेब फाइलची (पॅकेजची प्रत्यक्ष फाइल) डाउनलोड लिंक मात्र पानाच्या तळाशी टाका. माझ्या पानावर ती वर होती आणि लोक तीच दाबायचे, विंडोजची सवय, मग एकेक डिपेंडन्सी, म्हणजे ते चालायला लागणारं दुसरं पॅकेज, हाताने शोधत बसायचे. डेबियनची साइटसुद्धा डाउनलोडच्या पानावर लिहिते की पॅकेज मॅनेजरच वापरा.

बाकीचं थोडक्यात. रिलीजचं नुसतं नाव लिहू नका, '१३ ट्रिक्सी', '१२ बुकवर्म' असं आकड्यासकट लिहा, आणि शोधलेला शब्द व निवडलेली रिलीज दोन्ही यूआरएलमध्येच ठेवा म्हणजे लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की समोरच्याला तेच पान उघडतं. जावास्क्रिप्ट बंद असतानाही सर्च चाललं पाहिजे, कारण ज्याचा ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडलाय तो बिचारा टर्मिनलमधल्या डब्ल्यू३एम ब्राउझरमधूनच तुमच्याकडे येणार, आणि त्याला त्या वेळी तुमची सगळ्यात जास्त गरज असते.

आजच करण्यासारखं काम एकच, शून्य रिझल्ट आलेले शब्द एका टेबलमध्ये साठवायला सुरुवात करा, कोणी शोधलं ते नको, फक्त शब्द आणि तारीख. दोन आठवड्यांनी ती यादी इथे कॉमेंटमध्ये टाका, सोबत डेटाबेस कुठला वापरताय तेही सांगा, मी एकेक शब्द घेऊन बघतो तुमच्याबरोबर.