पन्नाशी उलटली, एकही पुशअप निघत नाही. सुरुवात कुठून करू?

भिंतीपासून. हातभर अंतरावर उभं राहून भिंतीला रेटा द्या. पंधरा-वीस सहज निघाले की ओट्याच्या कडेवर या, मग पलंगाच्या, शेवटी जमिनीवर. आधार जितका खाली, तितका भार हातांवर जास्त. मी बावन्नाव्या वर्षी ओट्यावरच दोन महिने अडकलो होतो, कुकरच्या शिट्ट्या मोजत! खाली जाताना मनात तीन मोजा; सावकाश उतरण्यानेही ताकद चांगली वाढते. कोपरं फार फाकवू नका, खांदा धरतो. पोट आवळून ठेवा, कंबर झोळीसारखी लोंबायला नको. आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड. तालमीतले जोर इतक्यात नकोत, त्यात पाठ बरीच वाकते. बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि श्वास कोंडू नका.